बोटाच्या मशीनवर ९८, मग गाठीत ऑक्सिजन कमी कसा?

मागच्या अंकात मी एका वाक्यात लिहून गेले होते की गाठीच्या आत ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या सगळ्या पेशी मरत नाहीत, काही तिथून बाहेर पडायला शिकतात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकललेत. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे पेशंट मला क्वचित भेटतो, त्याच्या गाठीचा तुकडा रोज भेटतो, त्यामुळं जे सांगते ते मायक्रोस्कोपच्या बाजूनं सांगते. नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

मॅडम, पप्पा ५८ वर्षांचे आहेत. जिभेच्या कडेला फोड होता, बरा होईना म्हणून दाखवलं तर कॅन्सर निघाला. एमआरआयमध्ये गाठीची खोली ८ मिलिमीटर आलीय आणि बायोप्सीत लिहिलंय की गाठीत मेलेला भाग आहे. डॉक्टर म्हणाले आत ऑक्सिजन पोचत नाही, अशा गाठी चिवट असतात. पण घरी कोरोनातलं बोटाला लावायचं मशीन आहे त्यात तर ९८ दाखवतंय! भावानं कोरोनातलंच ऑक्सिजन देणारं मशीन, कॉन्सन्ट्रेटर, काढलंय आणि रोज दोन तास पप्पांना लावतोय, ते चालू ठेवू का? आणि गाठ जिभेला तर मानेचं ऑपरेशन कशाला?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

दादा, बोटाचं मशीन फक्त एवढंच सांगतं की रक्तातल्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन किती बसलाय. गाडी भरून निघाली हे त्यावरून कळतं, माल कुणाच्या दारात उतरला आणि कुणाच्या नाही हे नाही कळत. पप्पांची गाडी भरलेली आहे, फुप्फुसं चांगली आहेत, आणि तरीही गाठीच्या आत उपासमार असू शकते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

कारण असं की रक्तनळीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन पेशी-पेशीतून झिरपत पुढं जातो आणि वाटेतली प्रत्येक पेशी आपला वाटा काढून घेते, त्यामुळं साधारण १०० ते २०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढं काही उरतच नाही. लाल पेशी ७-८ मायक्रॉन रुंद असते, तशा वीस-बावीस शेजारी शेजारी मांडल्या की ऑक्सिजनची पळण्याची हद्द संपली. चांगल्या अवयवात नळ्या एवढ्या दाट असतात की कुठलीच पेशी त्या हद्दीबाहेर राहत नाही. गाठीत मात्र गुंठेवारीसारखा प्रकार होतो, आधी घरं उठतात आणि गल्ली जिथं जागा उरेल तिथं, कुठं वाकडी, कुठं पुढं बंद. गाठीतल्या रक्तनळ्या खरोखर अशाच असतात, वेड्यावाकड्या, गळक्या, काही ठिकाणी रक्त नुसतं थांबलेलं.

परवाचीच एक स्लाईड सांगते, दुसऱ्या पेशंटची, पण जिभेचीच. गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवलेला चार-पाच मायक्रॉन जाडीचा काप. बाजूला एक बारीक नळी, तिच्यात लाल पेशी दिसतायत. नळीला चिकटून कॅन्सरच्या पेशी अगदी टवटवीत, केंद्रकं मोठी, गडद जांभळी, मध्येच एखादी दोनात फुटताना सापडते. जरा लांब सरकलं की पेशी आकसलेल्या, फुटणारी एकही नाही. अजून लांब गेलं की नुसता गुलाबी चिखल, केंद्रकांचा भुगा झालेला, पेशींच्या आकाराच्या फक्त सावल्या उरलेल्या. हे सगळं अर्ध्या मिलिमीटरच्या आत! १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या अशाच स्लाईडींवर मोजमाप केलं होतं आणि त्यांना दिसलं की मेलेल्या भागाभोवतीची जिवंत पेशींची कड १८० मायक्रॉनपेक्षा जाड कधी सापडतच नाही. ऑक्सिजनची हद्द अशी स्लाईडवर डोळ्यानं मोजता येते, मला ते आजही विलक्षण वाटतं.

माझं लक्ष मात्र मेलेल्या भागावर नसतं. टवटवीत आणि मेलेल्या यांच्या मधली जी कड आहे, अर्धपोटी पेशींची, ती खरी काळजीची. त्या जिवंत आहेत आणि त्यांना कळलंय की इथं राहण्यात अर्थ नाही. त्यांचं पुढं काय होतं ते पुढच्या उत्तरात सविस्तर येतंय.

आता कॉन्सन्ट्रेटर. हिमोग्लोबिन १०० पैकी ९८ भरलेलं आहे, त्यात आणखी किती भरणार? आणि अडचण रस्त्यांची आहे, मालाची नाही. घरी बसून नाकाला नळी लावल्यानं गाठीच्या आतल्या कडेला फरक पडून कॅन्सर आटोक्यात येत नाही, भावाला प्रेमानं सांगा आणि मशीन बंद करा. वर आणखी एक, घरात कुणी विडी ओढत असेल तर ऑक्सिजनच्या शेजारी आगीचा धोका खरा आहे.

मानेचं ऑपरेशन मात्र टाळू नका. जिभेला लिम्फच्या, म्हणजे पेशींभोवतीचा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या, बारीक नळ्या भरपूर, त्या मानेतल्या लिम्फच्या गाठींकडं जातात, आणि गाठ जेवढी खोल तेवढी ती या नळ्यांना गाठण्याची शक्यता जास्त, म्हणूनच स्टेज ठरवताना ५ आणि १० मिलिमीटर या खोलीच्या दोन रेघा धरतात, तुमचे पप्पा त्या दोन्हींच्या मध्ये येतात. हाताला गाठ लागत नाही म्हणजे मानेत पेशी गेल्या नाहीत असं नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी यावरच मोठा अभ्यास केला, २०१५ मध्ये तो छापून आला. तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर, मानेला हाताला काही लागत नाही अशा पेशंटमध्ये ज्यांची मान पहिल्याच ऑपरेशनला साफ केली त्यातले ८० टक्के ३ वर्षांनी जिवंत होते, आणि ज्यांची मान गाठ दिसेपर्यंत थांबून मग केली त्यातले ६७.५ टक्के. हा फरक फार मोठा आहे दादा. सर्जन सांगतायत ते ऐका.

मॅम, मी एमएस्सी करतोय. सर शिकवताना म्हणाले की हायपॉक्सिया (ऑक्सिजनची टंचाई) आणि ग्रोथ फॅक्टर (पेशीला वाढायचा सिग्नल देणारी प्रोटीनं) दोन्ही मिळून कॅन्सर पेशीला इन्व्हेजिव्ह, म्हणजे शेजारच्या भागात घुसणारी, बनवतात. पण मग नक्की आधी कोण? आणि ऑक्सिजन कमी झालाय हे पेशीला कळतं तरी कसं, तिला काय नाक आहे का?
– एक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर

नाक नाही बाळा, पण नाकाचं काम करणारी एक व्यवस्था आहे आणि ती फार सुंदर आहे. तू कोल्हापूरचा, गुऱ्हाळ बघितलंच असशील. काहिलीत रस उकळायला लागला की मळी वर येत राहते, आणि एक माणूस झारा घेऊन ती सारखी काढत असतो. मळी येणं थांबत नाही, काढणंही थांबत नाही, म्हणून काहील शांत दिसते. पेशीतलं हिफ-१ अल्फा नावाचं प्रोटीन असंच आहे. पेशी ते दिवसरात्र बनवते आणि ऑक्सिजन असेल तर काही मिनिटांत मोडूनही टाकते. मोडायची रीत अशी की एक एन्झाइम ऑक्सिजन वापरूनच हिफवर खूण करतं, ती खूण व्हीएचएल नावाचं प्रोटीन ओळखतं आणि माल भंगारात पाठवतं. ऑक्सिजन नसेल तर खूणच करता येत नाही. झाऱ्यावाला उठून गेला, मळी साचत जाते. साचलेलं हिफ केंद्रकात शिरतं, तिथं जोडीदार प्रोटीनला धरतं आणि शेकडो जीन चालू करतं.

हे शोधणारे तिघे, ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन, यांना २०१९ चं नोबेल मिळालं. त्यातला सेमेन्झा आणि रॅटक्लिफ यांचा सुरुवातीचा प्रश्न कॅन्सरचा नव्हताच, किडनी रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिन कधी बनवायचं हे कसं ठरवते एवढाच होता. केलिन एका आनुवंशिक आजारावर काम करत होते ज्यात व्हीएचएल जन्मापासून बिघडलेलं असतं, म्हणजे ऑक्सिजन भरपूर, झाऱ्यावाला बसलेला आहे पण त्याच्या हातात झाराच नाही. अशा लोकांना किडनीच्या आणि इतर गाठी होतात, आणि त्यांच्यासाठी हिफच्याच भावाला, हिफ-२ ला, अडवणारं बेल्झुटिफान हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. रक्त कसं वाढतं या प्रश्नापासून निघून औषधापर्यंतचा हा रस्ता तीसेक वर्षांचा आहे.

आता ग्रोथ सिग्नल. हे म्हणजे चुलवाणात चिपाडं जास्त घालणं. जाळ वाढला की मळी एवढी वर येते की झाऱ्यावाला जागेवर असूनही पुरा पडत नाही. ईजीएफसारखा ग्रोथ फॅक्टर पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरला, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या प्रोटीनला, चिकटला की आत पीआय३के, एकेटी, एमटॉर अशी साखळी हलते आणि हिफ बनण्याचा वेगच वाढतो. म्हणून काही कॅन्सर पेशींत ऑक्सिजन असतानाही हिफ चढलेलं सापडतं. आणि जिथं जाळही मोठा आणि झाऱ्यावालाही गेलेला, तिथं काय होत असेल ते तूच विचार कर. (ईजीएफ कसा सापडला माहितीय? स्टॅनली कोहेन यांनी उंदराच्या पिल्लांना ग्रंथीतला अर्क टोचला तर पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले, त्यावरून. १९८६ चं नोबेल त्यांना आणि रीटा लेवी-मोंटालचिनी यांना मिळालं. बंद पापणी उघडायला लावणारा तोच सिग्नल तोंडाच्या बहुतेक कॅन्सरमध्ये जोरात असतो, कारण त्या पेशींवर त्याचे रिसेप्टर ढीगभर असतात.)

यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे, आणि पुस्तकात तो एका ओळीत उरकतात. ऑक्सिजन कमी पडल्यावर पेशी ग्रोथ सिग्नलसाठी जास्त कान टवकारते. मेट नावाचा रिसेप्टर असतो, त्याला चिकटणाऱ्या ग्रोथ फॅक्टरचं जुनं नावच स्कॅटर फॅक्टर, कारण डिशमध्ये घट्ट बसलेल्या पेशी त्यानं पांगतात. २००३ मध्ये इटलीतल्या तुरीनच्या गटानं दाखवलं की ऑक्सिजन कमी केला की पेशी हा मेट रिसेप्टर जास्त बनवते आणि मग तेवढ्याच स्कॅटर फॅक्टरला जास्त जोरात उत्तर देते. म्हणजे आजूबाजूच्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे धागे विणणाऱ्या पेशी, नेहमीएवढंच बोलतायत, पण ऐकणाऱ्याला आता ते दुप्पट ऐकू येतंय. सरांनी दोन्ही नावं एका दमात घेतली ती याच्यासाठी. ही दोन वेगवेगळी कारणं नाहीतच, एक दुसऱ्याचा आवाज मोठा करतं.

पुढं काय काय होतं ते भरभर सांगते, यातल्या बऱ्याच गोष्टी तुझ्या नोट्समध्ये असतीलच. पेशी साखरेची दारं वाढवते आणि ऑक्सिजनशिवाय साखर जाळून लॅक्टिक ॲसिड बाहेर टाकते, बाहेर आंबट झालं की शेजारच्या चांगल्या पेशींचे हाल होतात आणि भोवतीचं जाळं सैल पडतं. व्हीईजीएफ नावाचा सिग्नल सोडून नव्या रक्तनळ्या बोलावते. स्नेल, ट्विस्ट, झेब अशी प्रोटीनं चढतात (ट्विस्टला हिफ थेट चालू करतं हे २००८ मध्ये दाखवलं गेलं), त्यांनी ई-कॅडहेरिन उतरतं. हे ई-कॅडहेरिन म्हणजे पेशींनी एकमेकींचा धरलेला हात. हात सुटला, गोल-चौकोनी पेशी लांबट होते. मग एमएमपी नावाची एन्झाइमं खालचा पडदा कुरतडतात, आणि लायसिल ऑक्सिडेज हे दुसरं एक एन्झाइम पुढचे कोलॅजनचे धागे ताणून घट्ट करतं, त्या ताणलेल्या धाग्यांवरून पेशी सरकते. टीजीएफ-बीटा या आणखी एका ग्रोथ फॅक्टरचं तर अजबच, सुरुवातीला तो पेशीला वाढू नको म्हणतो आणि पुढच्या अवस्थेत तोच तिला चालायला लावतो. वाटेत मॅक्रोफेज, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी, भेटतात, कॅन्सर पेशी त्यांना एक सिग्नल देते, ते बदल्यात तिला ईजीएफ देतात, असा देवाणघेवाणीचा व्यवहार करत दोघं रक्तनळीपर्यंत बरोबर जातात.

एक सांगून ठेवते, परीक्षेत लिहिशील ते लिही पण स्लाईडवर दरवेळी हात सुटलेली एकटी पेशी दिसत नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मला जास्त वेळा दिसतात त्या चार-पाच पेशींच्या टोळ्या आणि बारीक पट्ट्या, हात धरूनच आत घुसलेल्या. हात थोडा सैल करून, पूर्ण न सोडता.

आणि आधी कोण? आधी वाढीचा सिग्नल बिघडतो, त्यानं गर्दी होते, गर्दीनं ऑक्सिजन कमी पडतो, कमी ऑक्सिजननं पेशी वाढीच्या सिग्नलला आणखी उघडी होते. आणि या चक्रात चाळणीही लागते. १९९६ मध्ये उंदरांवरच्या कामात दिसलं की ऑक्सिजन तोडल्यावर ज्यांचं पी५३ (बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारं प्रोटीन) शाबूत आहे त्या पेशी नियमाप्रमाणं मरतात आणि ज्यांचं बिघडलंय त्या तगून राहतात. म्हणजे उपासमार गाठीला कमजोर करत नाही, जी पेशी मरायला नकार देते तिलाच ती मागं ठेवते. त्याच वर्षी जर्मनीत हॉकेल आणि फाउपेल यांनी गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये बारीक सुई घालून ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजला, ज्यांच्या गाठीत तो १० मिलिमीटर पाऱ्यापेक्षा (हे दाबाचं माप) खाली होता त्यांचं पुढं वाईट झालं, नुसता शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेल्यांचं आणि ऑपरेशन झालेल्यांचंसुद्धा. ऑपरेशनमध्ये तर गाठ काढूनच टाकलेली असते, तरीही वाईट, म्हणजे काढायच्या आधीच काहीतरी बाहेर पडलेलं असणार.

डॉक्टरीणबाई, मागच्या अंकात तुम्ही लिवलंय ऑक्सिजन कमी पडला की कॅन्सर हातपाय पसरतो. आमच्या तालमीतली पोरं पहाटं उठून जोर-बैठका मारत्यात, लढतीत तर पार दम तुटंस्तवर. अंगात लॅक्टिक का काय साचतंय म्हणत्यात. ह्या पोरांस्नी काय धोका हाय का? एका पोराची आई लई घाबरलीया.
– एक वस्ताद, गंगावेस

वस्ताद, त्या माउलीला सांगा अजिबात घाबरू नका. दम तुटतो तेव्हा मांडीच्या स्नायूत ऑक्सिजन थोडा वेळ कमी पडतो, हिफही थोडं चढतं, आणि पोरगं मातीवर बसून श्वास घेतं की उतरतं. उलट त्या चढण्या-उतरण्यानंच स्नायूत नव्या रक्तनळ्या होतात, दम वाढतो, तुम्ही मेहनत करून घेता त्याचं फळ हेच. गाठीतली उपासमार महिनोन् महिने चालते आणि ती अशा पेशीत चालते जिचा वाढीचा सिग्नल आधीच बिघडलाय. निरोगी स्नायूचं तसं नसतं. नियमित व्यायाम करणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा आणि स्तनाचा कॅन्सर कमीच दिसतो. पोरांना तंबाखूपासून लांब ठेवा, तालमीत तुमचा शब्द आमच्या शंभर पोस्टरांपेक्षा जास्त चालतो.

बायोप्सीचा तुकडा काढला म्हणून गाठीला वारा लागला आणि ती पसरली असं सासूबाई म्हणतात. खरं का?
– एक ताई, कसबा बावडा

नाही ताई. गाठ पसरते ती वर सांगितलेल्या कारणांनी, आणि ते काम तुकडा काढायच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. सुईच्या वाटेनं पेशी रुजणं काही ठरावीक गाठींत होऊ शकतं पण ते अगदी क्वचित, आणि त्या ठिकाणी डॉक्टर आधीच तशी काळजी घेतात. बायोप्सीनंतर दोन महिन्यांनी गाठ मोठी दिसली की लोकांना वाटतं बायोप्सीनं वाढली, खरं तर ती मधले दोन महिने उपचार न घेतल्यानं वाढलेली असते. सासूबाईंना रागावू नका, त्यांनी तसंच बघितलेलं असतं.

मिस्टरांना तोंडाच्या कॅन्सरसाठी शेक चालू आहे, एकूण ३३ सांगितलेत, १२ झाले. दर आठवड्याला हिमोग्लोबिन बघतात, आता ९.८ आहे. शेजारचे म्हणतात रक्त वाढवायचं इंजेक्शन मिळतं ते मारून घ्या म्हणजे शेक चांगला लागतो. आणि ते अजून लपून दिवसाला दोन-तीन विड्या ओढतात, सांगून थकले.
– एक ताई, कागल

ताई, पहिल्यांदा विडीचंच सांगते, ही ओळ त्यांना वाचून दाखवा. शेक पेशीच्या डीएनएला जी इजा करतो ती पक्की व्हायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन नसलेल्या पेशीला मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो, एवढा फरक. आता विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, म्हणजे सकाळी विडी ओढून शेकाला जाणारा माणूस गाठीला ढाल देऊन जातो. शेक चालू असताना ओढणाऱ्यांत गाठ विरघळण्याचं प्रमाण कमी आणि परत उठण्याचं जास्त, हे अभ्यासात दिसलेलं आहे. १२ झाले, २१ राहिलेत, अजून २१ दिवस ऑक्सिजन त्यांच्या बाजूनं लढू शकतो.

इंजेक्शनचं मात्र डॉक्टरांना न विचारता काही करू नका, हे कळकळीनं सांगते. ऐकायला ते सरळ वाटतं, रक्त वाढेल, ऑक्सिजन वाढेल, शेक लागेल. २००३ मध्ये युरोपात डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या पेशंटवर हेच करून बघितलं, शेकाबरोबर एरिथ्रोपोएटिन, म्हणजे हेच रक्त वाढवायचं इंजेक्शन, दिलं, हिमोग्लोबिन छान वाढलं, आणि कॅन्सर मात्र इंजेक्शन न दिलेल्यांपेक्षा जास्त बळावला. एरिथ्रोपोएटिन हासुद्धा शेवटी एक वाढीचा सिग्नल आहे, त्यामुळं रक्तपेशींबरोबर आणखी कुणी तो ऐकत असेल का ही शंका तेव्हापासून आहे. हिमोग्लोबिन का कमी आहे, लोह कमी आहे, जेवण जात नाही का आणखी काही, ते डॉक्टर बघतील आणि तसं सांगतील. डेन्मार्कमध्ये ऑक्सिजन कमी असलेल्या पेशींवर शेक नीट लागावा म्हणून निमोराझोल नावाची गोळी शेकाबरोबर देतात, तशी काही सोय त्यांच्यासाठी आहे का हे विचारायला हरकत नाही.

आणि शेक चुकवू नका. रोज थोडा थोडा का देतात, एकदम का नाही, तर त्याचं एक कारण हेच आहे. आजच्या शेकात रक्तनळीजवळच्या पेशी मरतात, मग आतल्या उपाशी पेशींपर्यंत ऑक्सिजन पोचायला लागतो आणि उद्याच्या शेकात त्या तावडीत येतात. मध्ये चार दिवस गॅप पडला की उरलेल्या पेशींना वाढायला तेवढी सवड मिळते.

गाठीला रक्त पुरवणाऱ्या नळ्याच बंद केल्या तर गाठ उपाशी मरेल की! असं औषध निघालंय म्हणे.
– एक वाचक, इचलकरंजी

विचार अगदी बरोबर आणि तो एका मोठ्या माणसानं तुमच्या आधी केलाय. ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये हेच मांडलं, तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९८९ मध्ये व्हीईजीएफचं जीन हाती लागलं, त्याला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. उपयोग होतो, काही कॅन्सरमध्ये केमोबरोबर देतात. पण गाठ उपाशी मरेल ही आशा त्यानं पुरी केली नाही. पुरवठा तोडला की ऑक्सिजन आणखी कमी, हिफ आणखी जास्त, आणि २००९ मध्ये उंदरांवरच्या दोन वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं की अशा औषधानंतर मूळ गाठ लहान झाली तरी उरलेल्या पेशी जास्त घुसखोर झाल्या, लांब जास्त पसरल्या. माणसांत सगळीकडं असंच होतं असं मी म्हणणार नाही. बोस्टनमधले राकेश जैन यांनी उलटा विचार मांडला, नळ्या पूर्ण तोडू नका, औषध बेतानं देऊन वाकड्या नळ्या सरळ करा, म्हणजे ऑक्सिजन आणि केमो दोन्ही आत पोचतील. मला हा विचार जास्त पटतो, कारण स्लाईडवर बघते तेव्हा गाठीत नळ्या कमी आहेत असं नेहमी नसतं, नळ्या भरपूर आणि कामाच्या थोड्या असंच जास्त वेळा असतं. ग्रोथ सिग्नलच्या बाजूनं अडवणारं सेटुक्सिमॅबही आहे, ते ईजीएफच्या रिसेप्टरवर बसतं आणि डोक्या-मानेच्या काही पेशंटना शेकाबरोबर देतात, खर्चाचं मात्र आधी विचारून घ्या.

मॅडम मी २६ वर्षांचा आहे, शिरोलीत फौंड्रीत आहे. सहा वर्षं झाली मावा खातोय, तंबाखू कमी, सुपारीच जास्त. आता मिसळ खाल्ली की तोंड पेटतं, आधी कधी असं नव्हतं. तोंड पण पूर्ण उघडत नाही. मित्र म्हणतात उष्णता आहे. कॅन्सर आहे का?
– एक वाचक, शिरोली

भावा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कोल्हापूरच्या पोराला मिसळ झोंबायला लागली तर ती उष्णता समजून सोडून देऊ नकोस. तोंड न बघता कॅन्सर आहे का नाही हे मी सांगू शकत नाही, पण तू सांगतोयस ती लक्षणं सबम्युकस फायब्रोसिसची आहेत, आणि ते सुपारीनं होतं, तंबाखू असो वा नसो. सुपारी स्वतःच कॅन्सर करणारी आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्येच जाहीर केलंय. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मावा टपरीवर मळून मिळतो आणि पोरांना वाटतं तो घरगुती आहे.

तुझ्या गालाच्या आत काय होतंय ते सांगते, कारण वर जे सगळं लिहिलं ते तिथं कॅन्सरच्या आधीच सुरू होतं. सुपारीनं टीजीएफ-बीटाचा सिग्नल चढतो, तो फायब्रोब्लास्टना कोलॅजन विणत राहायला लावतो. मऊ गाल दोरखंडासारखा होतो, बोटानं आतून चाचपलास तर उभे पट्टे लागतील. त्या कोलॅजनमध्ये बारीक रक्तनळ्या चेपून जातात, कमी होतात, वरचं कातडं पातळ आणि फिकट पडतं, म्हणून तिखट झोंबतं. रक्त कमी म्हणजे ऑक्सिजन कमी, आणि अशा गालाच्या तुकड्यात हिफ वाढलेलं सापडलेलं आहे. म्हणजे झाऱ्यावाला उठायला लागलाय आणि चुलवाणात चिपाडंही पडतायत, आणि अजून गाठ नाही. यातल्या सगळ्यांना कॅन्सर होत नाही, पण काहींना होतो, आणि मावा चालू ठेवला तर तो धोका वाढत जातो.

आज आरशासमोर उभा राहा आणि स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून दातांमध्ये जातात का बघ. गाल बाहेर ओढून आतून बघ, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा बघ, पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन-तीन आठवडे न भरलेली जखम आहे का. काही दिसो ना दिसो, तीन बोटं जात नसतील तर येत्या सुट्टीच्या दिवशी डेंटल कॉलेजच्या किंवा सरकारी हॉस्पिटलच्या दातांच्या विभागात जा, केसपेपरला फार पैसे लागत नाहीत. तोंड उघडायचे व्यायाम, गोळ्या, कधी गालात इंजेक्शनं असे उपाय आहेत, आखडलेला गाल पूर्ण पहिल्यासारखा होत नाही पण मावा थांबला तर आखडणं बऱ्याचदा तिथंच राहतं. त्यांनी तुकडा तपासायला सांगितला तर देऊन ये. आणि दिवसाला किती पुड्या होत्या ते विचारतील, तेव्हा खरा आकडा सांग.